डावी पाकळी

बर्स्लमच्या त्या गल्लीत आता एकही भट्टी पेटत नाही.
बाटलीच्या घाटाच्या दोन उरल्यात,
उन्हाळ्यात त्यांच्या तोंडातून झुडपं डोकावतात.
मेव्हिस कोलक्लॉ मात्र रोज सकाळी
स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओलं फडकं अंथरते,
त्यावर लिंबाएवढा मातीचा गोळा ठेवते
आणि आधी चहा पिते.
"आल्या-आल्या कामाला जुंपू नये कुणाला," म्हणते,
"मातीलासुद्धा."

एकतीस वर्षं तिनं चिनीमातीची फुलं वळली.
तळहातावर दाबून एकेक पाकळी,
अंगठ्यानं कड पातळ करत करत.
फुलाखाली नाव कारखान्याचं.
तिचा नुसता आकडा, सत्तेचाळीस.

आता ती कुत्र्यांसाठी वळते.
शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंडांसाठी,
ज्यांची मान डोक्याहून जाड,
साधा पट्टा सुळकन निसटतो,
आणि ज्यांच्या कानात अजून नंबर गोंदलेला असतो.

तिच्या कुत्रीचं नाव बिस्किट.
"चहात बुडवायचं नव्हे, झुबेर,
एकदाच भाजलेली, झिलई न चढलेली वस्तू,
तिला आम्ही बिस्किट म्हणतो.
रंग बघ ना तिचा."

माझं काम मागच्या खोलीत.
फिरत्या तबकडीवर मी तिचा गुलाब ठेवतो.
हेही चाकच म्हणायचं,
पण इथं माती फिरते आणि हात कुणाचा लागत नाही,
उजेडाच्या पट्ट्या तेवढ्या अंगावरून सरकतात.
पडद्यावर गुलाब येतो
राखाडी, बिनवजनाचा, लाखभर त्रिकोणांचा.
सॉफ्टवेअर कुरकुरतं:
आकृती गळकी आहे, सतरा ठिकाणी भोकं.
मेव्हिस चष्मा कपाळावर ढकलून हसते.
"गुलाबात पाणी कोण भरतंय?"

"वाळल्यावर किती आटेल?"
आटत नाही.
"आणि भाजल्यावर?"
भाजायचंच नसतं, मेव्हिस.
ती गप्प झाली,
जसं काही मी सांगितलं होतं,
शेजारी मूल जन्मलं
आणि रडलंच नाही.

मार्चमध्ये एकदम तीस पट्ट्यांची ऑर्डर आली,
लीड्सच्या एका कुत्र्यांच्या आश्रमाची, शनिवारच्या आत.
मी अर्धाच गुलाब घेतला,
उजवी बाजू आरशासारखी डावीकडे उलटवली.
एक बटण. दोन तास वाचले.

छापलेला पहिला नग तिच्या हातात दिला.
तिनं पाहिला नाही,
डोळे मिटून अंगठा फिरवला.
उजवीकडून सरळ गेला.
डावीकडे अडला.
"ही कुणाची?"
तुमचीच.
"नाही रे. माझा अंगठा इकडून येतो, असा निघतो,
माझी डावी पाकळी जरा आत बघते.
ही बाहेर बघतेय.
ही डावखुऱ्या बाईनं केलीय."

मी माफी मागायला तोंड उघडलं,
पण ती माझ्याकडे बघतच नव्हती.
"आमच्या बाकावर होती एक. ग्लेनिस ब्रिंडली.
मुकादम तिची फुलं उचलून
सदोष मालाच्या टोपलीत टाकायचा,
म्हणायचा, उलटी आहेत.
उलटी नव्हती.
तिच्या बाजूनं सुलटच होती."

मी म्हटलं, पुन्हा स्कॅन करतो, रात्र आहे अजून.
"राहू दे. तीसच्या तीस अशीच जाऊ देत."

फाईलला नाव द्यायचं होतं.
आधीची सगळी फायनल, फायनल-दोन,
फायनल-खरंच अशी.
विचारलं, ग्लेनिसचा आकडा काय होता?
मेव्हिसनं बराच वेळ आठवून पाहिलं.
बाक आठवला, तिचा निळा एप्रन आठवला,
जेवणाच्या सुट्टीतली तिची शिट्टी आठवली.
"आकडा गेला," म्हणाली. "नाव टाक."

मी ते टाइप करेपर्यंत
बिस्किटनं टेबलाखाली नमुन्याचा नग शोधून
एका पाकळीवर दात उमटवले होते.